युरोपियन पार्लमेंट : निम्मे लोक मतदानाला येतच नाहीत, मग ते बोलतं कोणाच्या वतीने?

राइनकाठची

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून लिहितेय, थोडं लांबेल. मी कोलोनला असते. २०२२ मध्ये भारतीय पासपोर्ट परत करून इथलं नागरिकत्व घेतलं, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं कार्ड) काढलं, त्यामुळे ९ जून २०२४ ला युरोपियन पार्लमेंटसाठी, म्हणजे युरोपियन युनियनच्या २७ देशांच्या सामाईक संसदेसाठी, मत द्यायची माझी पहिलीच वेळ. नुसतं मत नाही दिलं, मतदान केंद्रावर मदतनीस म्हणून नावही दिलं होतं. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ शाळेच्या वर्गात मतदान, आणि मग तिथेच दार उघडं ठेवून हाताने मोजणी, कोणीही येऊन मागे उभं राहून बघू शकतं. मतपत्रिका म्हणजे भली लांब पट्टी, तीसच्या वर पक्ष, तिची घडी घालताना वयस्कर लोकांची तारांबळ उडत होती. १६ वर्षांची पोरंपोरी आली होती, जर्मनीत या निवडणुकीला १६ चं वय यावेळी पहिल्यांदा लागू झालं. देशात ६४.८ टक्के मतदान झालं, दोन्ही जर्मनी एक झाल्यापासूनचं युरोपच्या निवडणुकीतलं सगळ्यात जास्त. रात्री ट्रामने घरी येताना खरंच भरून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना क्रोएशियन मैत्रिणीला विचारलं, तू दिलंस का मत? नाही म्हणाली. तिच्या देशात २१ टक्के मतदान झालं, २७ देशांत सगळ्यात कमी. आता हिला राजकारणात रस नाही म्हणावं तर तसंही नाही, कारण १७ एप्रिलला त्यांच्या स्वतःच्या संसदेची निवडणूक होती तेव्हा हीच बाई रजा टाकून मत देऊन आली होती, आणि त्या निवडणुकीत क्रोएशियात ६० टक्क्यांच्या वर मतदान झालं होतं. म्हणजे तेच लोक, मध्ये दोन महिनेसुद्धा गेले नाहीत, आणि तीनातले दोन गायब. मी कारण विचारलं तर ती एवढंच म्हणाली की एप्रिलमध्ये मला माहीत होतं कोण पंतप्रधान होणार की नाही होणार ते ठरतंय, जूनमध्ये काय ठरत होतं ते तू सांग.

मला पटकन सांगता आलं नाही. म्हणून हा धागा.

सगळ्यांना माहीत असलेले आकडे एकदा लिहून टाकते. पहिली थेट निवडणूक १९७९ ची, ९ देश, ४१० जागा, ६२ टक्के मतदान. तिथून दर पाच वर्षांनी खाली खाली. १९९९ ला पन्नासच्या खाली, २०१४ ला ४२.६. मग २०१९ ला एकदम ५०.७ आणि २०२४ ला तेवढंच. स्लोव्हाकियात २०१४ ला १३ टक्के, म्हणजे ४४ लाख मतदारांतले पावणेसहा लाख आले आणि त्यांनी देशाचे १३ खासदार निवडले. जागा देशागणिक ठरलेल्या असतात, किती लोक आले यावर त्या हलत नाहीत. बेल्जियमचे जवळपास ९० टक्के येतात, त्यांनाही जागा ठरल्याप्रमाणेच.

माझं म्हणणं असं आहे की लोक आळशी आहेत, त्यांना जागृती पाहिजे, पोस्टरं लावा, हे सगळं चुकीच्या ठिकाणी औषध लावणं आहे. मत दिलं आणि त्यातून कोण सत्तेवर आलं, कोण घरी गेलं, हे दिसत नसेल तर शहाणा माणूस पण घरी बसेल. तुम्हाला काय वाटतं?

कल्याणकर

ताई चांगलं लिहिलंय, पण ५० टक्क्यांचं एवढं काय? २०२४ च्या लोकसभेला आमच्या कल्याणमध्ये आणि दक्षिण मुंबईत पण पन्नासच्या आसपासच होतं की. आपण कधी म्हटलं का आमच्या खासदाराला अधिकार नाही म्हणून.

राइनकाठची

बरोबर, पण कल्याणमध्ये न आलेला माणूस सुद्धा सांगू शकतो की दिल्लीत सरकार कोणाचं आहे आणि कोणावर चिडायचं. इथे ते होत नाही, माझा मुद्दा तिथे आहे.

सह्यकडा

पूर्ण सहमत नाही, म्हणून सविस्तर. (तीस वर्षं कायदा शिकवला, त्यामुळे वर्गातल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.)

या विषयातली मोठी विसंगती अशी की हे पार्लमेंट जेव्हा जवळजवळ नुसता सल्ला देत होतं तेव्हा ६२ टक्के लोक आले, आणि जसजसे त्याला खरे अधिकार मिळत गेले तसतसे लोक कमी झाले. १९९३ चा मास्ट्रिख्ट करार, त्यात मंत्र्यांच्या कौन्सिलबरोबर कायदे करायचा वाटा मिळाला. २००९ चा लिस्बन करार, त्यात तो वाटा जवळजवळ सगळ्या विषयांना लागू झाला. आज मोबाइलचं रोमिंग, चार्जरची पिन, तुमच्या डेटाचे हक्क, एआयचा कायदा, सगळं तिथून जातं. २०१२ मध्ये अॅक्टा नावाचा, नकली माल आणि कॉपीराइटवरचा अख्खा आंतरराष्ट्रीय करार त्यांनी ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. म्हणजे मताला वजन नाही म्हणून लोक येत नाहीत हे सरळ सरळ खरं नाही, वजन वाढलं आणि लोक गेले.

१९७९ ची निवडणूक झाल्यावर राइफ आणि श्मिट या दोघा अभ्यासकांनी १९८० मध्येच सांगितलं होतं की या दुय्यम निवडणुका आहेत. मतदार युरोपसाठी मत देत नाही, स्वतःच्या देशातल्या सरकारला चिमटा काढायला देतो, म्हणून कमी लोक येतात, सत्ताधारी हरतात आणि छोट्या पक्षांना फायदा होतो. ४५ वर्षं झाली, अजून ते बऱ्यापैकी लागू पडतंय. ९ जून २०२४ ला फ्रान्समध्ये मॅक्रॉनच्या यादीला १५ टक्क्यांच्या आत मतं पडली आणि ल पेनच्या पक्षाला ३१ च्या वर, तर त्याच रात्री अध्यक्ष मॅक्रॉननी काय केलं? फ्रान्सची नॅशनल असेंब्ली बरखास्त केली. निवडणूक ब्रसेल्सची, म्हणजे युरोपच्या पार्लमेंटची, पडलं पॅरिस. आणि तीन आठवड्यांनी ३० जूनला त्या असेंब्लीसाठी मतदान झालं तेव्हा युरोपच्या निवडणुकीतल्या ५१ टक्क्यांचे जवळपास ६७ झाले.

आणखी एक, घसरण सगळी नाराजीची नाही. १९७९ च्या ९ देशांत मतदान सक्तीचे देश होते, इटलीतली सक्ती नंतर गेली, २००४ पासून पूर्वेकडचे देश आले जिथे सगळ्याच निवडणुकांना कमी लोक येतात. सरासरी काढताना कोण कोण मोजलं जातंय ते बदललं.

लिफीकाठ

डब्लिनहून. ७ जून २०२४ ला इथे लोकल कौन्सिल आणि युरोप एकाच दिवशी होतं. माझा पासपोर्ट भारतीय, बायको आयरिश नागरिक झालीय. आयर्लंडमध्ये लोकल निवडणुकीला इथे राहणाऱ्या कोणालाही मत देता येतं, नागरिकत्व लागत नाही, म्हणून मला एक मतपत्रिका मिळाली आणि तिला दोन. टेबलावरच्या बाईंनी माझ्यासमोर एकच ठेवली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मी इथे अकरा वर्षं टॅक्स भरतोय, ब्रसेल्सचे नियम माझ्या नोकरीला लागू आहेत, आणि जे टक्के आपण मोजतोय त्यात मी वरही नाही आणि खालीही नाही, मी त्या भागाकारातच नाही. न आलेल्या निम्म्यांबद्दल सगळे बोलतात, ज्यांना बोलावलंच नाही त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

मडगांवकार

लिफीकाठ यांनी माझ्या मनातलंच काढलं. माझी गोष्ट उलटी आहे.

आमच्या पप्पांचा जन्म गोव्यात, १९६१ च्या आधीचा, म्हणून लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं, आमच्या गावातल्या कितीतरी घरांत हीच कथा आहे. त्या पासपोर्टवर मी इंग्लंडला आलो, वेअरहाऊसात काम केलं. २०१६ ला ब्रेक्झिटचं सार्वमत आलं. माझ्या शेजारी एक बेळगावचा मुलगा राहायचा, भारतीय पासपोर्ट, विसावर आलेला. त्याला मत होतं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये. मला नव्हतं, कारण मी पोर्तुगीज. ज्या प्रश्नावर माझं तिथलं राहणं ठरणार होतं त्यात मला मत नाही आणि त्याला आहे, तो बिचारा मलाच विचारायला आला की काय करू.

मग मे २०१९. ब्रिटन अजून बाहेर पडलं नव्हतं म्हणून युरोपची निवडणूक घ्यावी लागली. युरोपियन नागरिक म्हणून यात मला हक्क होता. पण मतदार यादीत नाव असून भागत नाही, मी दुसऱ्या देशात मत देणार नाही असा एक वेगळा फॉर्म भरून द्यावा लागायचा. निवडणूक होणार हे सरकारने नक्की सांगितलं ७ मे ला आणि तो फॉर्म द्यायची शेवटची तारीख पण ७ मे. २३ मे ला शिफ्ट संपवून सरळ बूथवर गेलो, यादीत माझ्या नावावर रेघ मारलेली. तुमच्या देशात जाऊन द्या म्हणाले. असे हजारो लोक परत गेले त्या दिवशी, बातम्या आल्या होत्या. बेळगावकराला फॉर्म बीर्म काही लागला नाही, तो मत देऊन आला. आता सांगा, त्या निवडणुकीचा टक्का काढला ब्रिटनचा, ३७ च्या आसपास, त्यात मी कुठे धरलेलाच नाही. मी आलो होतो हो. दारातून परत पाठवलं.

आणि पोर्तुगालची बाजू ऐका. २०१८ मध्ये त्यांनी कायदा बदलून परदेशातल्या सगळ्या कार्डधारकांची नावं आपोआप मतदार यादीत घातली, चौदा लाखांच्या आसपास माणसं. चांगलं केलं. पण युरोपच्या निवडणुकीला पोस्टाने मत नाही, कॉन्सुलेटात स्वतः जायचं. २०१९ ला परदेशातून मत दिलं एक टक्का लोकांनी. देशाचा टक्का आला ३०.७५, आणि पेपरात आलं की पोर्तुगीजांना लोकशाहीची पर्वा नाही.

राइनकाठची

मडगांवकार, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मी वर "न आलेले" सगळे एकाच पोत्यात भरले होते, ते चुकलं माझं. न आलेला, येऊ न दिलेला, आणि मोजलाच न गेलेला, तीन वेगळी माणसं आहेत.

सह्यकडा

मोजण्यावरून आठवलं. २०१४ ला पार्लमेंटने प्रचाराची घोषणा केली होती "यावेळी वेगळं आहे". निकालाच्या रात्री जाहीर झालं ४३.०९ टक्के, आणि २००९ चा आकडा ४३ च्या किंचित खाली, त्यामुळे घसरण थांबली म्हणून आनंद साजरा झाला. नंतर अंतिम आकडा आला ४२.६१. म्हणजे घसरण थांबलीच नव्हती. पहिली बातमी सगळ्यांनी वाचली, दुसरी फार थोड्यांनी. माझ्या मते अधिकाराला खरा धक्का अशा गोष्टींनी बसतो, कमी टक्क्याने तेवढा नाही.

थेम्सपार

मी पण विसावर असताना ब्रिटनमध्ये मत दिलेल्यांपैकीच एक, २०१४ ला. तेव्हा किती कमी लोक येतात याचा परिणाम काय होतो ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सह्यकडा सरांच्या "तेवढा नाही" शी असहमत.

ब्रिटनमध्ये १९९९ ला युरोपच्या निवडणुकीला २४ टक्के मतदान. त्याच वर्षी पद्धत बदलून यादीवर प्रमाणशीर जागा आल्या आणि युरोपियन युनियनमधून बाहेर पडा म्हणणारे नायजेल फराज निवडून गेले. स्वतःच्या देशाच्या संसदेत जायला त्यांना २०२४ उजाडलं, पण युरोपियन पार्लमेंटमध्ये २० वर्षं, पगार, ऑफिस, माइक, सगळं. २०१४ ला साडेपस्तीस टक्के लोक आले आणि त्यांच्या पक्षाने २४ जागा घेऊन पहिला नंबर काढला. आलेल्यांतली सव्वीस सत्तावीस टक्के मतं, म्हणजे एकूण मतदारांत दहातला एक सुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत "देशाने कौल दिला". पुढच्या दोन वर्षांत सार्वमत झालं आणि २०२० मध्ये देश बाहेर. सार्वमताला ७२ टक्के आले हे पण लिहायला पाहिजे, तो निर्णय थोड्यांचा नव्हता. पण तिथपर्यंतचा रस्ता जो तयार झाला तो घरी बसलेल्या पासष्ट टक्क्यांनी मोकळा ठेवला. माझ्या ऑफिसात पाच जण होते ज्यांना ब्रिटन युरोपियन युनियनमध्येच राहायला हवं होतं आणि २०१४ ला एकानेही मत दिलं नव्हतं, काय फरक पडतो म्हणून. मी एकट्याने दिलं, सोलापूरचा माणूस.

ब्रसेल्सपुणे

सक्ती करा म्हणणाऱ्यांसाठी, कोणी ना कोणी म्हणणारच म्हणून आधीच लिहितो. बेल्जियममध्ये आकडा मोठा दिसतो कारण सक्ती आहे आणि २०२४ ला त्याच दिवशी केंद्राची आणि प्रदेशांची निवडणूकही होती. ग्रीसमध्ये पण कायद्याने सक्ती आहे, तिथे ४१ टक्के. बल्गेरियात कागदावर सक्ती, शिवाय त्याच दिवशी त्यांच्या संसदेची निवडणूक, आणि तरी ३४ च्या आसपास. दंड कोणी वसूल करत नसेल तर सक्तीला अर्थ नाही, आणि दंडाच्या भीतीने आलेल्या माणसाने अधिकार दिला असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी इथल्या बूथवर कोरी मतपत्रिका टाकून येणारे बघितलेत.

राइनकाठची

सह्यकडा सर, तुमच्या "वजन वाढलं आणि लोक गेले" वर दोन दिवस विचार केला. वजन वाढलं हे खरं, पण ते वजन मतदाराच्या हातात आलं नाही, खासदाराच्या हातात आलं. २०१४ ला त्यांनी सुरुवात केली होती की पार्लमेंटमधल्या प्रत्येक गटाने (समविचारी पक्षांच्या) कमिशनच्या, म्हणजे युनियनचा कारभार चालवणाऱ्या मंडळाच्या, अध्यक्षपदाचा उमेदवार आधी जाहीर करायचा, आणि युंकर तसे झाले पण. मग २०१९ ला काय झालं? पहिल्या आलेल्या गटाचे उमेदवार होते मॅनफ्रेड वेबर. देशांचे प्रमुख बंद खोलीत बसले आणि बाहेर आलं उर्सुला फॉन डेर लायन यांचं नाव, ज्या त्या निवडणुकीत कुठेच उभ्या नव्हत्या. पार्लमेंटने ३८३ मतांनी, म्हणजे लागतात त्यापेक्षा ९ जास्त, ते मान्य केलं. आणि हे ५० टक्क्यांच्या वर मतदान गेलं त्याच वर्षी. २५ वर्षांत सगळ्यात जास्त लोक आले आणि त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही बघितलेले चेहरे विसरा. माझी क्रोएशियन मैत्रीण त्या वर्षी मत देऊन आली होती. ती २०२४ ला का नाही आली याचं उत्तर मला आता थोडं कळतंय.

सह्यकडा

हे मान्य, आणि चांगलं पकडलंत. पण २०१९ ला लोक वाढले ते चेहऱ्यांमुळे नाही, वेबर कोण हे जर्मनीच्या बाहेर कोणाला माहीत होतं? वाढले कारण भांडण होतं. हवामानासाठी पोरं रस्त्यावर, ब्रेक्झिटचा गोंधळ, स्थलांतर. पोलंडमध्ये २०१४ ला २४ टक्के होते ते २०१९ ला ४५ च्या वर गेले. लोकांना ठरवण्यासारखं काही दिसलं की येतात.

आणि जर्मन घटना न्यायालयाने ३० जून २००९ ला लिस्बन करारावरच्या निकालात जे म्हटलं ते टक्क्यांच्या पलीकडचं आहे. माल्टाच्या साडेपाच लाख लोकांना ६ जागा, जर्मनीच्या सव्वाआठ कोटींना ९६. माल्टातल्या मताची किंमत जर्मनीतल्या मताच्या नऊ दहा पट. न्यायालयाचं म्हणणं, एका जनतेची समान मतांची ही सभा नाही, म्हणून अधिकाराचा मुख्य उगम प्रत्येक देशाची संसदच राहील. शंभर टक्के मतदान झालं तरी हा प्रश्न सुटत नाही.

ब्रसेल्सपुणे

सगळ्या देशांत मिळून एकच यादी, २८ जागा, सगळ्यांनी त्याच उमेदवारांना मत द्यायचं, असा ठराव पार्लमेंटने मे २०२२ मध्ये पास केला होता. देशांच्या सरकारांनी तो पुढे जाऊ दिला नाही. खरी गोम तिथे आहे, टक्का वाढला की ब्रसेल्सचं बळ वाढतं आणि ते सगळ्या राजधान्यांना हवंय असं नाही.

दिंडोरीचा बागायतदार

नमस्कार मंडळी, सगळा धागा वाचला. माझी सात एकर द्राक्षबाग, माल हॉलंडला जातो. २०१० ला सीसीसी (वेलीची वाढ रोखायचं औषध) याच्या अंशावरून युरोपने कंटेनर अडवले तेव्हा आमच्या गावात किती घरं बसली ते मी बघितलंय, दोघांनी बागा तोडल्या. औषधाच्या अंशाचा कायदा याच पार्लमेंटने आणि कौन्सिलने २००५ मध्ये केलेला, हे मला नंतर कळलं. नियम असू नये असं माझं म्हणणं नाही, खाणाऱ्याच्या पोटात विष जाऊ नये हे मला पण कळतं. पण नियम बदलायच्या आधी आम्हाला विचारावं असं कोणालाच वाटत नाही. २०२२ ला फवारणी निम्म्यावर आणायच्या कायद्याचा प्रस्ताव आला, तो २०२३ ला त्याच पार्लमेंटने पाडला, मग तिकडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्सला गेले आणि कमिशनने प्रस्तावच मागे घेतला. त्यांना ट्रॅक्टर नेता येतो. उद्या भारत युरोप व्यापार करार अमलात यायचा तर त्याला पण या पार्लमेंटची संमती लागणार. तुम्ही तिकडे जे लोक आहात, मत देणारे आणि न देणारे, माझ्यासारख्याने म्हणणं मांडायचं कुठे?

ब्रसेल्सपुणे

दादा, तुम्हाला थेट मार्ग नाही, खोटं सांगणार नाही. पण पार्लमेंटला याचिका करायचा हक्क फक्त नागरिकांना नाही, युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या कोणालाही आहे, विषय त्याच्याशी थेट संबंधित पाहिजे. भारतीय पासपोर्टवाल्याला पण. म्हणजे लिफीकाठ यांना मत नाही तरी याचिका करता येईल.

लिफीकाठ

हे माहीत नव्हतं. पण द्राक्षं माझ्याशी थेट संबंधित कशी दाखवणार?

ब्रसेल्सपुणे

तुमच्यापेक्षा हॉलंडमधला आयातदार जास्त योग्य, त्याचा धंदाच आहे. शिवाय पार्लमेंटचं भारताशी संबंधांसाठी वेगळं शिष्टमंडळ आहे, त्यातल्या खासदारांना पत्र लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

राइनकाठची

दादा, जर्मनीचे कोण कोण त्या शिष्टमंडळात आहेत ती नावं मी काढते. ते माझ्या मतावर निवडून गेलेत, त्यामुळे पत्र माझ्या नावाने आणि पत्त्याने जाऊ दे, तुमचं म्हणणं सोबत जोडू. लॅबचे रिपोर्ट आहेत का तुमच्याकडे?

दिंडोरीचा बागायतदार

२०१० पासूनचे सगळे फायलीत आहेत. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मान वर करायला वेळ नसतो, त्याच्या आधी मराठीत लिहून पाठवतो. इंग्रजी तुम्ही करा ताई.

मडगांवकार

पोर्तुगालच्या खासदारांसाठी पोर्तुगीजमध्ये मी करतो.